पोटॅशियम कुठल्या बाजूला? मोहम्मद बेनअझीझा, ऑक्टोबर १९९२

१९९२ च्या सप्टेंबरात हेलसिंकीला मिस्टर ऑलिम्पिया ही शरीरसौष्ठवाची स्पर्धा झाली. डोरियन येट्सने पहिला किताब घेतला तो तिथे, आणि पहिल्या पाचांत मोहम्मद बेनअझीझा होता. जन्म अल्जीरियातला, वास्तव्य फ्रान्समध्ये, उंची जेमतेम १६० सेंटीमीटर. १९९० च्या न्यूयॉर्कमधल्या नाइट ऑफ चॅम्पियन्सला याच बेनअझीझाने येट्सला दुसऱ्या क्रमांकावर ठेवलं होतं. ऑलिम्पियानंतर युरोपात ग्रां प्री स्पर्धांचा दौरा सुरू झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याने हॉलंडची ग्रां प्री जिंकली आणि काही तासांत तो गेला. वय ३३. हृदय बंद पडलं, आणि त्यामागे डाययुरेटिकने, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाने, आणलेलं टोकाचं डिहायड्रेशन असल्याचं सांगितलं गेलं.

‘अंगातलं पाणी संपलं आणि हार्ट अटॅक आला’ असं हे प्रकरण जिममध्ये सांगितलं जातं. त्यात निम्मीच गोष्ट येते. पाण्याबरोबर कुठला क्षार गेला, कुठला साचला आणि किती वेळात, हे दुसरं निम्मं. ते कळलं नाही तर पुढच्या वेळी विंगेत कोसळलेल्या माणसाला मदत म्हणून जे दिलं जाईल त्यानेच तो जाऊ शकतो. म्हणून इथे आधी गोळ्यांचं काम, मग सलग स्पर्धांच्या दौऱ्यात शरीराचं काय होतं, आणि शेवटी कोसळल्यावर काय करायचं, या क्रमाने जाऊ.

काढायचं एक, निघतं दुसरं

स्टेजवर ‘ड्राय’ दिसायचं असतं. कातडी स्नायूला चिकटलेली, मांडीवरच्या रेघा सुट्या, कंबरेच्या मागे चरे. समज असा की कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पाण्याचा एक थर असतो आणि गोळी घेतली की तेवढाच थर उतरतो.

शरीरात असा वेगळा थर नाही. ७० किलोच्या पुरुषात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत, १४ लिटर बाहेर. बाहेरच्या १४ पैकी तीन-साडेतीन लिटर रक्तातला प्लाझ्मा, उरलेलं सगळ्या ऊतींच्या फटींमधलं. किडनीपर्यंत पोचतं ते फक्त रक्त. त्यामुळे डाययुरेटिकने जाणारं पाणी आधी प्लाझ्मातून जातं, मग ती तूट भरायला फटींतलं पाणी रक्तात ओढलं जातं, आणि ते फक्त कातडीखालून येत नाही, हृदय-आतडी-स्नायू सगळीकडून येतं. स्नायूच्या वजनाचा तीन-चतुर्थांश भाग पाणीच आहे. शिवाय साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायूंत साठवलेली साखर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. रक्त आटलं की स्नायू भरत नाहीत, शिरा बसतात, पंप, म्हणजे रक्ताने आलेला फुगीरपणा, येत नाही.

जीवघेणी चूक बहुतेक वेळा इथे सुरू होते. बसलेला स्नायू आरशात मऊ दिसतो, वरची कातडी सैल पडते. खेळाडू आणि कोच दोघांनाही वाटतं की अजून पाणी आहे, आणि आणखी एक गोळी पोटात जाते. पाणी उरलं म्हणून मऊ आणि पाणी संपलं म्हणून मऊ, हा फरक उघड्या डोळ्याला, त्यातही स्पर्धेच्या सकाळी उपाशी आणि घाबरलेल्या डोळ्याला, जवळजवळ दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर ‘पाणी’ म्हणून ज्याच्यावर एवढा राग काढला जातो ती पुष्कळदा चरबीच असते. आठवडे कमी पडलेले असतात, ते गोळीने भरून येत नाहीत.

दोन गोळ्या, दोन घड्याळं

किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातला ९९ टक्के परत घेते. गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे २५ टक्के किडनीतल्या नळीच्या एका वाकड्या भागात, हेन्लेच्या वळशात, परत घेतलं जातं. फ्युरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्स, काम करतं ते या वळशावर. तोंडाने घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू, एक-दोन तासांत जोर, सहा ते आठ तासांत असर संपतो. वळशात सुटलेलं सोडियम पुढच्या नळीत लोंढ्याने येतं. तिथे सोडियम परत ओढताना पोटॅशियम बाहेर टाकलं जातं. मॅग्नेशियमही जातं. थोडक्यात फ्युरोसेमाइड पोटॅशियम खाली आणतं.

स्पायरोनोलॅक्टोन, बाजारातलं अल्डॅक्टोन, नळीच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवतं. तिथे परत घेतलं जाणारं सोडियम दोन-तीन टक्केच, म्हणून लघवी फारशी वाढत नाही. पण पोटॅशियम बाहेर टाकायचं दार तेच आहे आणि ते बंद होतं. हे औषध सावकाश चढतं, पूर्ण असर दिसायला दोन-तीन दिवस लागतात. शरीरात त्याचं कॅनरेनोन नावाचं रूप बनतं, त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, सोळा तासांहून अधिक. गोळी थांबवली तरी दोन-तीन दिवस काम चालू राहतं. शनिवारी खेळाडू स्टेजवर उभा असतो तेव्हा गुरुवारची गोळी अजून पोटॅशियम अडवून असते.

थायाझाइड गटाची औषधं या दोन्हींच्या मधल्या टप्प्यावर चालतात आणि पोटॅशियम खालीच नेतात. त्यांच्यावर अधिक लिहिण्याची इथे गरज नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. लॅसिलॅक्टोन हे फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन यांचं एकत्र मिश्रण, डायटॉर प्लस हे टोरसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोनचं. हृदय किंवा यकृताच्या रुग्णांसाठी ही मिश्रणं विचारपूर्वक केलेली आहेत, रक्त तपासत तपासत दिली जातात. निरोगी पण सुकलेल्या माणसात पोटॅशियम कुठल्या बाजूला झुकेल हे त्या गोळीच्या पाकिटावरून सांगता येत नाही. शिवाय तोंडाने घेतलेलं २० मिलिग्रॅम टोरसेमाइड साधारण ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइडच्या बरोबरीचं असतं. ‘चाळीसच्या जागी चाळीस’ अशी अदलाबदल केली की डोस दुप्पट होतो, आणि अशी अदलाबदल दुकानात जे मिळेल त्यावर ठरते.

दौऱ्यात काय होतं

एका स्पर्धेसाठी सुकणं आणि आठवड्या-आठवड्याने पुन्हा पुन्हा सुकणं यात फार फरक आहे. बेनअझीझाचं प्रकरण या दुसऱ्या प्रकारात मोडतं, आणि माझ्या मते ते समजून घेण्याची किल्ली इथेच आहे.

प्लाझ्मा घटला की किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन, त्यातून अल्डोस्टेरॉन. शरीर मिळेल तो सोडियमचा कण धरून ठेवायला लागतं. स्पर्धा संपली, खेळाडूने मीठ, पाणी, भात, पाव खाल्ला, की ही धरून ठेवण्याची यंत्रणा अजून चालूच असते. दोन-तीन दिवसांत वजन किलोकिलोने चढतं, घोटे सुजतात, चेहरा फुगतो. पुढची स्पर्धा सात दिवसांवर. म्हणजे मागच्या वेळी काढलं त्याहून जास्त पाणी आता काढायचं.

इकडे किडनीही शहाणी होत जाते. वळशावरचं औषध वारंवार मिळालं की त्यापुढच्या नळीच्या पेशी जाड होतात आणि निसटलेलं सोडियम पकडायला शिकतात. तीच गोळी कमी चालते. डोस वाढतो, किंवा दुसऱ्या गटाची गोळी जोडली जाते.

आणि क्षारांचा साठा मात्र भरत नाही. शरीरातलं पोटॅशियम एकूण साडेतीन हजार मिलिमोलच्या (क्षार मोजायचं एकक) आसपास, त्यातलं जेमतेम दोन टक्के पेशींच्या बाहेर. रक्तातला आकडा ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर असायला हवा. तो एकाने उतरला तर आतून दोनशे ते चारशे मिलिमोलची तूट झालेली असते. साध्या जेवणातून दिवसाला साठ ते शंभर मिलिमोल मिळतं आणि त्यातलंही रोजच्या लघवीतून जातं. स्पर्धेच्या मोजक्या आहारावर सात दिवसांत ही तूट भरणं कठीण. मॅग्नेशियम खाली असेल तर दिलेलं पोटॅशियमही शरीरात टिकत नाही. खेळाडूला वाटतं मागच्या शनिवारी हेच केलं, काही झालं नाही. पण मागच्या शनिवारी साठा आजच्याहून भरलेला होता.

हृदय बंद पडण्याच्या दोन वाटा

पहिली वाट खाली जाणारी. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम तीनच्या खाली आलेलं आहे. स्पर्धेच्या आधी स्नायू भरायला भात, रताळं, मध, जॅम असा कार्बचा मारा होतो. इन्शुलिन उसळतं आणि उरलेलं पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकलतं. चरबी उतरवायला घेतलं जाणारं क्लेनब्युटेरॉल तेच करतं, स्टेजवरचं अॅड्रेनॅलिनही. पायांत गोळे येतात, हात-पाय जड होतात, छातीत धडधड होते. ईसीजीच्या आलेखात टी लहर चपटी, तिच्यामागे यू लहर, क्यूटी नावाचं अंतर लांबलेलं. पोटॅशियम अडीचच्या खाली, मॅग्नेशियम कमी आणि स्टेरॉइडने जाड झालेलं हृदय असं एकत्र आलं की ठोक्यांची लय क्षणात बिघडू शकते. सर्वात दुर्लक्षित तास स्पर्धेनंतरचे असतात. ट्रॉफी घेऊन माणूस थेट जेवायला जातो. पिझ्झा, कोला, मिठाई, सगळं एकदम. इन्शुलिनचा सगळ्यात मोठा उसळा तेव्हा येतो, पोटॅशियमबरोबर फॉस्फेटही घसरतं, आणि तोपर्यंत डॉक्टर, आयोजक, कोच सगळे पांगलेले असतात.

दुसरी वाट वर जाणारी. स्पायरोनोलॅक्टोन सुरू आहे. मीठ पूर्ण बंद आहे. ‘सोडियम बाहेर, पोटॅशियम आत’ या हिशेबाने पोटॅशियमच्या गोळ्या चालू आहेत, किंवा ज्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं ते लो-सोडियम मीठ. प्लाझ्मा घटल्यामुळे किडनीकडे रक्त कमी, शेवटच्या नळीपर्यंत सोडियम पोचतच नाही, आणि सोडियमच्या अदलाबदलीशिवाय पोटॅशियम बाहेर पडत नाही. दुखण्यावर घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळते. उपाशी, सुकलेल्या शरीरात तासन्‌तास पोझिंग केलं की स्नायू फुटून त्यांच्यातलं पोटॅशियमही रक्तात येतं. साडेसहाच्या वर धोका गंभीर. ईसीजीत टी लहर उंच आणि टोकदार, पी लहर नाहीशी, ठोका रुंद होत जातो आणि मग हृदय थांबतं. या वाटेवर पूर्वसूचना फार कमी मिळते. थोडा अशक्तपणा, थोडी मुंग्यांची भावना, आणि एवढं तर स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांनाच वाटत असतं.

वैद्यकीय लेखनात दोन्ही वाटा नोंदलेल्या आहेत. १९९५ मध्ये एका अमेरिकी क्रीडावैद्यक नियतकालिकात शरीरसौष्ठवपटू कोसळण्यामागे पोटॅशियम वाढणं आहे का, हा प्रश्न मांडला गेला. २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी नेमकं उलटं प्रकरण छापलं: एका व्यावसायिक शरीरसौष्ठवपटूचे स्नायू पोटॅशियम घसरल्यामुळे लुळे पडले होते. खेळ तोच, मागणी तीच, पण रक्ताचे निकाल उलट्या टोकांचे.

बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. १९९४ च्या कोलंबसच्या अर्नोल्ड क्लासिकला पॉल डिलेट पोझ देता देता गोठला आणि त्याला तसाच ताठ उचलून स्टेजवरून न्यावं लागलं. प्रेक्षकांना ते जवळपास विनोदी वाटलं असेल. पण नुसत्या आखडण्यावरून आजार ओळखता येत नाही. सोडियम कमी, मॅग्नेशियम कमी, पोटॅशियम कमी, सगळ्यांनी स्नायू आखडतात. आणि जिममध्ये गोळा आला की पहिलं सुचतं ते पोटॅशियम.

आंद्रियास म्युन्झरचं नावही या संदर्भात नेहमी घेतलं जातं, पण त्याचं प्रकरण वेगळं ठेवायला हवं. हा ऑस्ट्रियन खेळाडू कागदाइतक्या पातळ कातडीसाठी प्रसिद्ध होता. १९९६ च्या मार्चमध्ये अर्नोल्ड क्लासिकला तो सहावा आला, पुढच्या आठवड्यात सॅन होजेला उतरला, परतताना पोटात दुखू लागलं आणि १४ मार्चला म्युनिकमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय ३१. पोटात रक्तस्राव झाला होता, यकृत आणि किडनीसह अनेक अवयव निकामी झाले होते. शवविच्छेदनात हृदय ६०० ग्रॅमच्या वर भरलं, प्रौढ पुरुषाचं ३०० ते ३५० असतं. हे वर्षानुवर्षांच्या अनेक औषधांचं ओझं आहे, एकट्या डाययुरेटिकच्या माथी मारता येत नाही. त्याचं पोटॅशियम वाढलेलं होतं असंही लिहिलं जातं. तिथे एक लक्षात ठेवावं: मृत्यूनंतर पेशींतलं पोटॅशियम आपोआप रक्तात झिरपतं, त्यामुळे मृताच्या रक्तातल्या या आकड्यावरून निष्कर्ष काढत नाहीत. जिवंतपणी घेतलेल्या रक्ताचा आकडाच धरायचा.

त्याच वर्षी शिकागोच्या मिस्टर ऑलिम्पियात डाययुरेटिकची तपासणी झाली आणि तिसरा आलेला नासर अल सोनबाती बाद ठरला. ऑलिम्पिक चळवळीने हे औषध १९८८ मध्येच बंदीच्या यादीत घातलं होतं, आणि त्या वर्षीच्या सोल ऑलिम्पिकला दोन बल्गेरियन वेटलिफ्टरांची सुवर्णपदकं फ्युरोसेमाइडमुळेच गेली. आज वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) यादीत डाययुरेटिक स्पर्धेच्या काळात आणि एरवीही बंद आहेत, कारण ती इतर औषधांच्या खुणाही लघवीत पातळ करतात.

विंगेत कोणी कोसळला तर

महाराष्ट्रातल्या स्पर्धांत एक जास्तीचा धोका असतो. जिल्हा आणि राज्य पातळीवर उतरायचं ते वजनगटात. वजन काट्यावर बसवण्यासाठीही गोळी घेतली जाते, म्हणजे कारणं दोन होतात. त्यात पंखा बंद केलेली विंग, अंगावर रंगाचा थर, बाहेर दमट हवा. फ्युरोसेमाइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, पण घरातल्या कुणाच्या गोळ्यांत ते असू शकतं.

माणूस शुद्धीवर आहे, चक्कर येते आहे, गोळे येताहेत: आडवा झोपवा, पाय उंच, अंग थंड करा, स्टेजवर परत पाठवू नका. केळं, शहाळं, पोटॅशियमची गोळी देऊ नका. पाव लिटर शहाळ्याच्या पाण्यात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे सुमारे पंधरा मिलिमोल. आकडा आधीच साडेसहावर असेल तर ती भर नको. साखरेचं पाणीही घाईने नको, पोटॅशियम खाली असेल तर इन्शुलिन ते आणखी खाली नेईल. अपवाद एकच: इन्शुलिन टोचलेलं असेल आणि ग्लुकोमीटरवर साखर कमी दिसली तर साखर लगेच द्यायची. शुद्धीवर असलेल्याला साध्या पाण्याचे थोडे घोट चालतील, भराभर दोन लिटर नाही. पाणी आणि मीठ दोन्ही बंद असलेल्या माणसाला नुसतं पाणी भरपूर दिलं तर सोडियम घसरून मेंदूला सूज येऊ शकते.

बेशुद्ध असेल, श्वास नसेल किंवा अधूनमधून उचकीसारखा येत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. १०८ ला फोन, आणि लगेच छातीच्या मधोमध दाब: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. श्वास देता येत नसेल तर नुसते दाब. शरीरसौष्ठवपटूची छाती जाड असते, दोन जणांनी आळीपाळीने दर दोन मिनिटांनी जागा बदलली नाही तर खोली टिकत नाही. रंगामुळे आणि तेलामुळे एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) पॅड चिकटत नाहीत, टॉवेलने घासून कोरडं करा.

रुग्णालयात पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी, शिरेतल्या रक्ताचा ब्लड गॅस (त्यात पोटॅशियम आणि सोडियम काही मिनिटांत कळतं) आणि साखर. पोटॅशियम वाढलेलं असेल आणि ईसीजी बदलला असेल तर आधी हृदय वाचवायला कॅल्शियम ग्लुकोनेट, मग १० युनिट इन्शुलिनसोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, साल्ब्युटामॉलची वाफ, गरज पडल्यास डायलिसिस. कमी असेल तर पोटॅशियम शिरेतून, मॉनिटर लावून, तासाला १० ते २० मिलिमोलच्या वर नाही, आणि बरोबर मॅग्नेशियम. सलाईन सुरुवातीला साधं ०.९ टक्क्यांचं. ग्लुकोजचं नको, तेच इन्शुलिनचं कारण. सोडियम फार खाली असेल तर २४ तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वर न्यायचं नाही, नाहीतर मेंदूतल्या मज्जातंतूंवरच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते. स्पायरोनोलॅक्टोन घेतलं असेल तर एकदा सुधारलेला आकडा पुन्हा वर चढू शकतो, म्हणून काही तासांनी परत रक्त.

घरी सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस घोटे सुजणार, वजन चढणार. ही अल्डोस्टेरॉनची उलटी लाट आहे आणि ती आपोआप ओसरते. ‘सूज उतरवायला’ म्हणून त्याच पाकिटातली उरलेली गोळी बरेचजण इथे घेतात, आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

डॉक्टरांना लागणारी माहिती मोजकी आहे: कुठली गोळी, किती मिलिग्रॅम, शेवटची कधी, पोटॅशियम, लो-सोडियम मीठ, क्लेनब्युटेरॉल, इन्शुलिन यांतलं काय घेतलं, पाणी आणि मीठ कधीपासून बंद. खेळाडू बोलण्याच्या स्थितीत नसतो आणि कोच बाद होण्याच्या भीतीने गप्प बसतो. त्याने तोंडाने सांगायचं नसेल तर निदान रिकामी पाकिटं एका पिशवीत घालून १०८ च्या गाडीत टाकावीत.